तळहाताचा रंग

न्यू ऑर्लिन्स
९ सप्टेंबर १९७३

प्रिय ओदिल,

काल वाऱ्यानं अंगणात पेकानच्या कच्च्या फळांचा सडा पडला आणि मला आपल्या कॉन्व्हेंटची मागची पायरी आठवली. मांडीवर ॲप्रन पसरून आपण दोघी हिरवी सालं सोलत बसायचो. त्या सालांचा रंग मोठा चिवट. साबण लावा, लिंबू घासा, तळवे आठवडाभर तपकिरीच. जेवणाआधी सिस्टर झेवियर सगळ्यांचे हात उलटेसुलटे करून बघायच्या आणि आपल्यापाशी थांबून म्हणायच्या, "आपल्या लोकांचे तळवे देवानं मुद्दाम फिकट ठेवलेत, पोरींनो. तेवढे तरी झाकू नका." तू फिदीफिदी हसायचीस आणि गुडघ्यांवर बसायची शिक्षा मला व्हायची. तू तेव्हाही अशीच, काडी टाकून नामानिराळी.

आता कामाचं. येत्या शुक्रवारपासून टीव्हीवर 'पेटिग्रू' सुरू होतेय. हिरो आपल्या रंगाचा, आणि तो नोकर नाही, चोर नाही, गोऱ्या साहेबाला हसवणारा ड्रायव्हर नाही. साहेब तोच. पिस्तूल त्याच्याकडे, गाडी त्याच्याकडे, शेवटचं वाक्यही त्याच्याकडे. आमच्या गल्लीत तयारी अशी चाललीय की जणू बिशप यायचेत. आणि त्यात आपला न्यूमा. त्यानं लिहिलंय, "आई, हिरोच्या उड्या मारणाऱ्या डुप्लिकेटच्या जागेसाठी मी उभा आहे, बहुतेक होईल." गल्लीत सांगताना 'बहुतेक' तेवढं मी गाळलं.

अल्सीड आयुष्यभर छपरांवर स्लेटची कौलं घालत हिंडला, कुणी मान वर करून पाहिलं नाही. त्याचा पोरगा छपरावरून उडी मारेल आणि सगळा देश बघेल. हे बघायला तो हवा होता.

तू त्याची नानान, त्याची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तूच त्याला हातांवर धरलं होतंस. मी इतकी लांब, तिथं त्याला तूच. तो जेवतो का, रविवारी देवळात मिस्साला जातो का आणि ती जागा मिळाली का, तिन्ही कळव. पहिल्या दोहोंबद्दल खोटं बोललीस तरी चालेल.

तुझी
फिलो

*

लॉस एंजेलिस
२३ सप्टेंबर १९७३

प्रिय फिलो,

न्यूमा दर सोमवारी माझ्याकडे लाल घेवडा आणि भात जेवतो, आणि पातेलं इतकं निपटतो की घासायचं काम उरत नाही. मिस्साला येतो, मागच्या बाकावर बसतो. डोळे मिटलेले असतात ते प्रार्थनेनं की झोपेनं, देव जाणे.

संध्याकाळी तो आणि आपल्या रंगाची आणखी काही माणसं पार्कात जमतात. लोकांनी फेकलेल्या जुन्या गाद्या रचतात आणि झाडावरून, गाडीच्या टपावरून त्यांच्यावर उड्या मारतात. शिकवणारं कुणी नाही. ज्यांना येतं ते सगळे गोरे, आणि ते आपापल्या मुलांना, पुतण्यांनाच शिकवतात. न्यूमा अल्सीडची ती छपरं मोजायची टेप खिशात बाळगतो आणि प्रत्येकाची उडी मोजतो. मला सांगत होता, "नानान, प्रत्येकाचं वजन वेगळं, धाव वेगळी, उडी वेगळी. गादी ज्याच्या त्याच्या मापानं ठेवायची, अंदाजानं नाही." क्षणभर अल्सीडच समोर बसून बोलतोय असं वाटलं.

स्टुडिओत तो रोज येतो. मी मेकअपच्या खोलीत कामाला असते, त्यामुळे येता-जाता दिसतो. पेटिग्रूचं काम करणारा गार्लंड टिस्डेल फार सभ्य माणूस आहे, मला 'मिस ओदिल' म्हणतो. कंपनीचे बडे लोक त्याला काचेच्या भांड्यासारखं जपतात, पण फुटलं तर एक कटकट जाईल अशा चेहऱ्यानं.

टीव्ही बघशील तेव्हा टिस्डेलचा चेहरा बघ. खरं काम तिथं आहे. धावपळ काय, सगळ्यांची सारखीच.

तुझी
ओदिल

*

न्यू ऑर्लिन्स
२१ ऑक्टोबर १९७३

प्रिय ओदिल,

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलंच नाहीस, पण आता त्याची गरज नाही. आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पाण्याच्या टाकीवरून धावत येऊन चालत्या ट्रकवर उडी. चेहरा दिसला नाही, नुसती पाठ. पण आईला मुलाची पाठ दाखवून द्यावी लागत नाही. म्हातारी मादाम ट्रेपानिए म्हणाली, "अगदी अल्सीडची चाल." तिला हल्ली मांजर आणि पोस्टमन यांतला फरक कळत नाही, पण मी मान डोलावली.

शनिवारी फादर केरिगननी न्यूमासाठी आभाराची मिस्सा म्हटली. देऊळ भरलं होतं. गल्लीतल्या पोरांचा खेळही बदललाय. पूर्वी शेरीफ कोण होणार हे ठरलेलं असायचं आणि सगळ्यांत काळ्या पोरानं मरायचं असा नियम होता. आता सगळ्यांत काळा पोरगा पेटिग्रू होतो आणि उजळ रंगाची पोरं त्याच्याशी भांडतात. बिचारी कम्युनियनचे पांढरे कपडे फाडून माझ्याकडे शिवायला आणतात.

सोबत स्कॅप्युलर पाठवतेय, गळ्यात घालायचे मंतरलेले कापडी तुकडे, मीच शिवलंय. उडी मारताना शर्टाच्या आत असू दे म्हणावं.

तुझी
फिलो

*

लॉस एंजेलिस
२८ ऑक्टोबर १९७३

प्रिय फिलो,

स्कॅप्युलर मिळालं. न्यूमाच्या गळ्यात आहे.

मिस्सा वगैरे एवढ्यात नको होती. देवाला आभारांची घाई नसते. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो ताटात भात तसाच ठेवून उठला. थकला असेल.

इथं अजून ऊन आहे. तिकडे तुम्ही सर्व संतांच्या सणासाठी थडग्यांना चुना लावायला घेतला असेल. अल्सीडच्या थडग्यावर माझ्या नावानं एक फूल ठेव.

तुझी
ओदिल

*

न्यू ऑर्लिन्स
४ नोव्हेंबर १९७३

ओदिल,

अल्सीडच्या थडग्याला चुना लावला, तुझं फूल ठेवलं. परवा रात्री गल्लीतल्या युनिस देजोआनं सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. तिनं रंगीत टीव्ही घेतलाय, केवढा तरी मोठा. मी आजवर न्यूमाला काळ्यापांढऱ्यातच पाहिलं होतं.

पेटिग्रू गच्चीवरून घसरतो आणि एका हातानं कठड्याला लटकतो. तो हात अगदी जवळून दाखवला. बोटं सुटली, तळवा उघडला आणि पुन्हा कठडा धरला. तो तळवा तपकिरी होता, ओदिल. मनगटापासून नखांपर्यंत एकसारखा गडद. पहिल्यांदा वेड्यासारखं मनात आलं, न्यूमा पेकान सोलत बसला असेल. मग कळलं.

खोलीत सगळ्यांनाच कळलं. कुणी कुणाकडे बघेना. युनिसनं उठून आवाज बारीक केला, घरात कुणी गेल्यावर करतात तसा. मादाम ट्रेपानिए तेवढी म्हणाली, "अल्सीडचे हात असे नव्हते गं." म्हणजे तिला दिसतं.

तो हात कुणाचा होता? यावेळी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दे.

फिलो

*

लॉस एंजेलिस
११ नोव्हेंबर १९७३

प्रिय फिलो,

तो हात होइट नावाच्या माणसाचा आहे. नेब्रास्काचा, निळ्या डोळ्यांचा, लाल केसांचा. केसांवर टोप चढवतो. हा इथला जुना रिवाज आहे. काळ्या माणसाला उडी मारायची असली की गोऱ्याला रंगवतात. त्यात कुणाला चोरी वाटत नाही. दिवसाच्या कामांत सरळ सांगितलेलं असतं, अमक्याला कपडे, तमक्याला जखम, होइटला रंग.

तो रंग मी लावते. म्हणून तुला टिस्डेलचा चेहरा बघायला सांगत होते.

न्यूमानं मला शपथ घातली होती की आईला कळवू नकोस, थोड्याच दिवसांत जागा मिळेल. तो रोज येतो हे खरं आहे. गर्दीत उभा राहतो. पेटिग्रूनं त्याला आजवर दोनदा पकडलंय आणि एकदा गोळी घातलीय. एकदा मी होइटच्या मानेला रंग लावत होते तेव्हा न्यूमा दारात उभा होता. म्हणाला, "नानान, कानामागं राहिलं." होइटनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो माणूस वाईट नाही. त्याला काम मिळतं, तो करतो. माझंही तेच.

तळव्याचं विचारलंस. आमचा मुख्य मेकअपमन म्हणाला, हात पूर्ण रंगव, पांढरं कुठं राहायला नको. एवढी वर्षं त्यानं आपल्या माणसांच्या तोंडाला पावडर लावली, पण आपला तळवा कधी पाहिला नव्हता. मी त्याला सांगू शकले असते. बोलले नाही. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा नीट रंग भरला. मनात म्हटलं, सिस्टर झेवियरच्या हाताखाली वाढलेली एखादी कुठंतरी बघत असेल.

तुझी
ओदिल

*

न्यू ऑर्लिन्स
२५ नोव्हेंबर १९७३

प्रिय ओदिल,

बरेच दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझ्या नावानं घेवड्याचं पातेलं आपटत होते. मग पातेल्याचा कान तुटला आणि राग गेला. तू त्या हातावर मला पत्रच लिहिलं होतंस. वाचायला उशीर झाला, कारण माझा टीव्ही काळापांढरा.

आभाराची मिस्सा त्या नेब्रास्कावाल्याच्या खात्यावर गेली. जाऊ दे. त्याचे पाय शाबूत आहेत, म्हणजे मिस्सा लागू पडते.

आता ऐक. टीव्हीच्या कंपनीला मी पत्र लिहिलंय. सिस्टर झेवियरनी घोटून घेतलेलं वळण शेवटी कामाला आलं. खाली आमच्या देवळाच्या सगळ्या पॅरिशच्या सह्या आहेत, मादाम ट्रेपानिएचीही, तिची जरा तिरकी. शिवी एकही नाही. एवढंच विचारलंय, की तुमचा पेटिग्रू हवेत असताना गोरा कसा होतो आणि जमिनीवर आला की परत काळा कसा होतो? फादर केरिगन म्हणाले, थोडं सौम्य करा. मी म्हटलं, फादर, सौम्य केलेलंच तुम्ही वाचताय. एक प्रत वर्तमानपत्राला पाठवली.

न्यूमाला सांग, आईला सगळं कळलंय आणि ती रागावलेली नाही. आणि गर्दीत मरायचं असेल तर नीट मर म्हणावं, डोळे उघडे ठेवून, म्हणजे मला दिसेल.

तुझी
फिलो

*

लॉस एंजेलिस
६ जानेवारी १९७४

प्रिय फिलो,

तुझं पत्र छापून आलं आणि मग दुसऱ्या शहरांतूनही तशीच पत्रं आली. बड्या लोकांनी आधी हसून घेतलं, मग हसणं थांबलं. नाताळच्या आधी टिस्डेल वरच्या मजल्यावर गेला आणि म्हणाला, माझ्यासाठी उडी मारेल तो माझ्या रंगाचा हवा, नाहीतर मी गाडीतून खाली उतरत नाही. इतके दिवस तो गप्प होता त्याचं कारण त्यानं मला एकदा सांगितलं होतं. "मिस ओदिल, आपल्या सगळ्यांत मिळून ही एकच खुर्ची दिलीय, आणि तिला पाय तीन. मी हललो तर एकटा पडत नाही."

न्यूमाला जागा मिळाली. घरी येऊन त्यानं मला उचलून गरगर फिरवलं आणि चुलीवर घेवडा करपला. तोही त्यानं खाल्ला.

आता पुढचं सावकाश वाच. उड्यांच्या खात्याचा प्रमुख लोमॅक्स म्हणून आहे. महिनाअखेरीला न्यूमानं चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून धावत येऊन खाली रचलेल्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांवर उडी मारायची असं त्यानं ठरवलंय. त्यांची स्वतःची माणसं असं काही करण्याआधी कमी उंचीवरून पुन्हा पुन्हा उड्या मारून बघतात. न्यूमाला तशी एकही दिलेली नाही. परवा होइट मला फाटकाबाहेर भेटला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, "बाई, पोरगा माझ्याहून सरस आहे. पण त्याला माझी गच्ची देतायत आणि माझी खोकी. त्याला दोन आठवडे मागायला सांगा. मी बोललो तर लोमॅक्स म्हणतो, यांना हवं होतं ना, घ्या म्हणावं."

मी न्यूमाला सांगितलं. तो म्हणतो, नानान, दिवस मागितले तर म्हणतील घाबरला, आणि उद्या परत होइटला रंग. तो तुझं ऐकेल. फिलो, त्याला लिही. दोन आठवडे माग म्हणावं.

तुझी
ओदिल

*

न्यू ऑर्लिन्स
१४ जानेवारी १९७४

प्रिय ओदिल,

टोपी हातात घेऊन बोलणारे गोरे मी पुष्कळ पाहिलेत. अल्सीडला कौलं घालणाऱ्यांच्या संघटनेत घ्यायचं नव्हतं तेव्हा एक जण असाच आला होता, हातात टोपी, तोंडात मध. म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी सांगतो, थोडं थांब. अल्सीड मरेपर्यंत थांबला. होइटची खुर्ची गेलीय. त्याला न्यूमाची नाही, खुर्चीची काळजी आहे. तू मनानं मऊ, तुला सगळ्यांचं पटतं.

आपण थांबण्यातच म्हाताऱ्या झालो. आता दार उघडलंय आणि पोराला उंबऱ्यावर थांब असं मीच सांगू? त्यानं दिवस मागितले तर ते सगळीकडे सांगतील, बघा, रडून जागा घेतली आणि उडी मारायची वेळ आली तर पाय लटपटले. मग पार्कातल्या त्या बाकीच्या माणसांना कोण विचारेल? मी न्यूमाला लिहिलंय, मान वर करून जा. बापाचा पाय कधी घसरला नाही, तुझाही घसरणार नाही.

सोबत तीन राजांच्या सणाचा, राजांचा केक पाठवतेय; आतला बाहुला ज्याच्या तुकड्यात निघेल तो राजा. तो मी मुद्दाम जांभळी साखर जास्त आहे त्या बाजूला लपवलाय. तो तुकडा न्यूमाला दे, पण सांगू नकोस.

तुझी
फिलो

*

लॉस एंजेलिस
३ मार्च १९७४

प्रिय फिलो,

दफनानंतर तू माझा हात धरून म्हणालीस, "सगळं लिहून कळव. बोलून नको, मला ऐकवणार नाही." इतके दिवस कागद घेऊन बसत होते आणि उठत होते. आज लिहिते.

त्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीत आला आणि होइटच्या खुर्चीत बसला. म्हणाला, "नानान, आज इथं मी." त्याला रंगाची गरज नव्हती. मी त्याच्या नाकावर उगीच थोडी पावडर फिरवली. त्यानं दोन्ही हात माझ्यापुढे उलटे केले, जेवणाआधी आपण करायचो तसे, आणि म्हणाला, "हे आहेत तसेच ठेव." हे त्याला तूच कधीतरी सांगितलं असशील.

मी खाली उभी होते. गच्चीवर त्यानं खिशातून टेप काढली. त्याला आपली धाव मोजायची होती, खालच्यांना खोक्यांचं अंतर विचारायचं होतं. लोमॅक्स ओरडला, "ठेव ते. ऊन उतरतंय." होइट कामावर नव्हता, तरी आला होता. तो लोमॅक्सला काहीतरी सांगायला लागला तेव्हा त्याला फाटकाबाहेर काढलं. न्यूमानं टेप गुंडाळून खिशात ठेवली.

त्याचा पाय घसरला नाही, फिलो. तो घाबरला नाही आणि कमी पडला नाही. तो जास्त गेला. खोकी होइटच्या उडीच्या अंदाजानं रचली होती. होइट चाळिशी ओलांडलेला, जड माणूस. न्यूमाची उडी त्याच्याहून लांब होती. शेवटच्या खोक्याच्या पलीकडे तो पडला. मी पोचले तेव्हा काही उरलं नव्हतं, फक्त हात अजून गरम होता.

त्याला तुझ्याकडे आणण्याआधी त्याचा चेहरा मी केला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रंग जुळवायला वेळ लागला नाही. जपमाळ गुंडाळताना तळवे वरच्या बाजूला ठेवले. तू ते पाहिलंस, असं मला वाटतं.

आणखी दोन गोष्टी कळवायच्या आहेत, त्याही ऐक. पंधरा तारखेच्या शुक्रवारी ते ती उडी दाखवणार आहेत. त्याच्या सन्मानासाठी, म्हणतात. जमिनीवर येणं नंतर वेगळं चित्रित केलं. त्यासाठी होइटला बोलावलं. तो आला, सगळं ऐकून घेतलं, आपली बॅग उचलली आणि गेला. मग दुसरा आणला. मला रंग लावायला सांगितलं तेव्हा मी ब्रश ठेवला आणि पर्स उचलली. रंगाची बाटली चुकून पर्समध्ये आली. लावणारा दुसरा कुणी मिळाला असेलच.

आणि पुढच्या मोसमात 'पेटिग्रू' नाही. लोक कंटाळले, असं कारण दिलंय. त्याच वेळेला दुसरी मालिका येतेय, पिवळ्या केसांच्या डिटेक्टिव्हची. दफनाच्या मिस्साला तुमच्याकडे टिस्डेल देवळात मागं उभा होता तेव्हाच त्याला ठाऊक होतं. माझ्या कानाशी म्हणाला, "मिस ओदिल, मी हललो." एवढंच.

न्यूमाची खोली मी रिकामी केली. सामान माझ्याकडे आहे. कुणाला काय द्यायचं ते सांग.

तुझी
ओदिल

*

न्यू ऑर्लिन्स
१७ मार्च १९७४

प्रिय ओदिल,

परवा पाहिलं. युनिसच्या घरी, रंगीत. सगळे म्हणत होते, बघू नकोस. मी म्हटलं, त्याची पहिलीच आहे, आई नको?

तो धावत आला. खरंच अल्सीडची चाल, ओदिल, आता मला फरक कळतो. कठड्यावरून सुटला आणि हवेत त्यानं दोन्ही हात पसरले. तळवे उघडे होते. फिकट, आपल्यासारखे. क्षणभरच दिसले. मग खोक्यांवर पडणारा माणूस दुसरा होता, त्याच्या कानामागं राहिलं होतं. युनिसनं टीव्ही बंद केला. कुणी घरी जाईना.

होइटची टोपी मी चुकीची वाचली. तू मला दोनदा सांगितलंस, सावकाश वाच, त्याला लिही. मी लिहिलं, पण काय लिहिलं ते तुला माहीत आहे. माझं ते पत्र त्याच्या सामानात निघालं असणार. तू ते कळवलं नाहीस. तुझी गप्प बसायची सवय मला पायरीपासून ठाऊक आहे. मला त्याबद्दल सांत्वन करणारं काही लिहू नकोस. फादर केरिगन करून गेले आणि पायांशी मांजर होतं ते त्यांच्यापेक्षा बरं वाटलं.

येत्या मंगळवारी संत जोसेफचा सण. अल्टारावर दरवर्षीसारखं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी जेवण मी या वर्षी मांडणार नाही, पण दार उघडं ठेवीन.

सामानाचं असं कर. त्याचं प्रार्थनेचं पुस्तक आणि माझं जानेवारीतलं पत्र मला पाठव. पत्र जाळू नकोस, ते माझं आहे. रविवारचा कोट टिस्डेलला विचार, खांद्यांत बसेल, काम मागायला पुढच्या दारांवर जाताना घालायला होईल. नको म्हणाला तर आग्रह करू नकोस. गुडघ्यांना बांधायच्या त्या जाड पट्ट्या न्यूमाच्या नव्हत्या, होइटनं त्याला वापरायला दिल्या होत्या, असं तो लिहून गेलाय. त्या धुऊन, उन्हात वाळवून होइटला परत कर, आणि माझ्या नावानं जे सांगावंसं वाटेल ते सांग, मला शब्द सापडत नाहीत. न्यूमाचे बूट त्याच्या घरमालकिणीच्या भावाला. केकमधला बाहुला खणात असेल, न्यूमा काही टाकणाऱ्यांतला नव्हता. तो बाहुला तू ठेव. राजांचा केक मी आता करणार नाही.

रंगाची बाटली कुणालाच देऊ नकोस. झाकण उघडून खिडकीत ठेव, वाळून जाऊ दे.

अल्सीडची टेप पार्कातल्या माणसांना दे. एकाला नको, सगळ्यांना मिळून. ज्या झाडावरून उडी मारतात त्याच्याच फांदीला टांगून ठेवा म्हणावं. आणि त्यांना सांग, कुणी म्हणालं ऊन उतरतंय, तर उतरू द्या. आधी मोजा.

फिलो